चौऱ्याऐंशीचा नाका

३ मे, रविवार. रोन्से

लेक हादेविच आज आली ती केक घेऊन नाही, अर्ज घेऊन. वृद्धनिवासातल्या खोलीचा अर्ज. नाव, जन्मतारीख, रक्तगट सगळं तिनेच भरलंय. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली. छत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांवर फुल्या मारल्या, आता माझी पाळी.

"खोली बागेकडची आहे, आई. एक जुलैला रिकामी होतेय."

"रिकामी होतेय म्हणजे? आधीची बाई कुठे निघालीय, सहलीला?"

हादेविच हसली नाही. ऑक्टोबरबद्दल बोलायला लागली.

गेल्या ऑक्टोबरात सायकल क्लबातल्या आलिडाच्या वाढदिवसाला मी सायकलवर प्लमचा टार्ट बांधून निघाले होते. रस्ता नेहमीसारखाच आकड्यांचा. सायकलवाटांच्या प्रत्येक नाक्यावर खांब, खांबावर नंबर. घरून नकाशा बघून नंबरांची चिठ्ठी करायची, हँडलला चिमट्याने लावायची आणि डोकं बाजूला ठेवून पायडल मारायचं. त्या दिवशी माझे हात पिठात होते. मी आकडे सांगितले, हादेविचने लिहिले. बिचारी फोनवर नवऱ्याशी फ्रेंचमध्ये बॉयलरवरून हुज्जत घालत होती, तरी दुसऱ्या हाताने चिठ्ठी लिहून दिली. गुणाची आहे पोर. मीच चौऱ्याऐंशीच्या जागी अठ्ठेचाळीस सांगून बसले. जायचं होतं सोटेगेमला, पोचले गेरार्ड्सबर्गनच्या टेकडीवर. शेवटी एका शेतकऱ्याने लेकीला फोन केला. टार्ट त्यालाच दिला.

"तूच अठ्ठेचाळीस म्हणालीस, आई." हे ती तेव्हाही म्हणाली, आजही म्हणाली. असेन म्हणाले. पण पाढे शिकवणाऱ्या बाईचे आकडेच निसटायला लागले तर मग उरलं काय? ती चिठ्ठी मी या वहीच्या मागच्या खिशात ठेवलीय. दुखऱ्या दातावर जीभ जाते तसा माझा हात तिकडे जातो.

मग मी काय केलं, तर भिंतीवर बोट दाखवलं. नऊ वर्षं तिथे एक नकाशा चिकटलेला आहे. रोन्से ते बाल्टिक समुद्र, नऊशे किलोमीटर. म्हटलं, हे करून दाखवते.

लेकीने बराच वेळ नकाशा बघितला. मग म्हणाली, "एकवीस जून, रविवार, दुपारी बारा. समुद्रकाठी, ट्रावेम्युंडच्या दीपगृहापाशी मी उभी असेन. न चुकता आलीस तर अर्ज फाडेन."

न चुकता. दोन्ही अर्थांनी.

"आणि चुकले तर?"

"तर तिथेच सही. आणि एकटी जायचं नाही."

१० मे

क्लबात आम्ही सहाजण. एकाचा गुडघा, एकीचा नातू, एकाला बायको सोडत नाही, आणि आलिडाने बॅटरीची सायकल घेतल्यापासून आमचं बोलणं जरा कमीच आहे. राहता राहिले ओदिलों.

ओदिलों पलीकडच्या एलेझेल गावचे, म्हणजे फ्रेंच बोलणारे; आम्ही इकडचे फ्लेमिश बोलणारे. वय एकाहत्तर, मिशा मेण लावून वळवलेल्या. मला "मादाम" म्हणतात आणि सायकलवरून उतरून नमस्कार करतात. रेल्वेत होते म्हणे. काय करत होते, मी विचारलं नाही.

माझं बोलणं संपायच्या आत "हो" म्हणाले. माणसाला दुसरा उद्योग नसावा. गंमत म्हणजे सगळे नकाशे त्यांच्याकडे होतेच! मार्चमध्ये क्लबात मी हा बेत बोलून दाखवला, तेव्हाच घेऊन ठेवले म्हणे. त्यांवर जागोजागी पेन्सिलीच्या खुणा.

"या कसल्या?"

"पक्ष्यांची घरटी, मादाम."

अर्जाबद्दल काही सांगितलेलं नाही. दया करणारा माणूस नऊशे किलोमीटर सोबत नको.

हिशेब: सोळा दिवस चालवायचे, एक आराम, चार दिवस हातात राखून.

१ जून, सोमवार. डेंडरमोंड

निघालो! बावन्न किलोमीटर. ढोपरं शाबूत. पद्धत ठरली ती अशी: सकाळी न्याहारीनंतर मी भिंग धरून नकाशावरचे आकडे वाचते, ओदिलों भोपळ्याएवढ्या अक्षरात चिठ्ठी लिहितात. चिठ्ठी त्यांच्या हँडलला, मी मागून. संध्याकाळी ती मी या वहीत चिकटवते.

हादेविचला फोन केला. "कुठे आहेस?" "डेंडरमोंड." "नक्की?" नक्की म्हणे! गावाचं नाव भिंतीवर लिहिलेलं असतं, बाई.

२ जून. लिअर (पोचायला साडेसात वाजले)

दुसऱ्याच दिवशी घोळ. मी सांगितलं बासष्ट, यांनी लिहिलं सव्वीस. सोळा किलोमीटर भलतीकडे. शेल्ड नदीच्या होडीघाटावर पोचलो, तर तिथे एक कॅफे, अंगणात अकॉर्डियन वाजवणारा म्हातारा, आणि गार चेरीची बिअर.

मी तिथल्या तिथे शिकवणी घेतली. "ओदिलों, आम्ही फ्लेमिश माणसं आकडा बोलताना सुटे आधी सांगतो, दशक मागून. दोन-नि-साठ. म्हणून दोन आधी लिहायचा, आणि सहा त्याच्या डाव्या अंगाला. तुम्ही फ्रेंच ऐकाल तसं डावीकडून लिहीत सुटता, मग होतात सव्वीस."

"खरंय मादाम. आमच्याकडे मोठं आधी, छोटं नंतर."

"आणि तुमच्याकडे ऐंशीला चार विसा म्हणतात. बाजारात अंडी मोजल्यासारखं!"

"तेही खरंय," म्हणाले, आणि माझा ग्लास भरला. अकॉर्डियनवाल्याने त्यांना डोळा मारल्यासारखं वाटलं. उन्हामुळे असेल.

४ जून. होखस्ट्राटन

आज सतराचे एकाहत्तर. बावीस किलोमीटर जादा. थेट एका स्ट्रॉबेरीच्या मळ्यात घुसलो. मालकीणबाईंनी टोपली आणून दिली, आणि ओदिलोंच्या पिशवीतून निघाले दोन चमचे आणि साखरेची डबी. म्हटलं, तयारीचा माणूस आहे. आकडे येत नाहीत, पण चमचे विसरत नाही.

स्ट्रॉबेरी मात्र अशा होत्या की मी दहा मिनिटं रागवायची विसरले.

७ जून, रविवार. डेन बॉसच्या अलीकडे

हॉलंडात आलो. रस्ते गुळगुळीत, वारा समोरून, माणसं आगाऊ. आज पस्तीसचे त्रेपन्न झाले आणि मास नदीच्या काठी एका पॅनकेकच्या खानावळीशी येऊन थांबलो. दारातली पोरगी म्हणाली, "आलात का! खिडकीजवळचं टेबल ठेवलंय."

"आमच्यासाठी? आम्ही तर रस्ता चुकून आलोय."

ती ओदिलोंकडे बघून गोंधळली, मग म्हणाली, "चुकून येणाऱ्यांसाठी एक ठेवतोच आम्ही." टेबलावर फुलं होती. या डच लोकांना धंदा कसा करावा ते कळतं.

ओदिलों विचारत होते, "मादाम, कंटाळा नाही ना आला?" म्हटलं, तुमच्या अक्षराचा आलाय. मिशीतल्या मिशीत हसले.

हादेविचला फोनवर हे सांगितलं नाही. "आज कुठे चुकलीस?" असं विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं. तिने विचारलं, "औषध घेतलंस का?" घेतलं.

९ जून. विंटर्सवाइक

आता लिहायचं तर खरंच लिहिते.

काल चोवीसचे बेचाळीस झाले. आज चिठ्ठीवर त्र्याण्णव होतं, हवं होतं एकोणचाळीस. मी एकोणचाळीस म्हणाले. मला आठवतंय मी एकोणचाळीस म्हणाले. ओदिलों म्हणाले, "माझ्या कानात त्र्याण्णव आलं, मादाम. क्षमा करा." नेहमीप्रमाणे क्षमा मागितली आणि पिशवीतून चेरी काढल्या.

पण ऑक्टोबरातही मला वाटलं होतं की मी चौऱ्याऐंशी म्हणाले.

दुसरी एक गोष्ट सतावतेय. ही चूक घडायला सरळ आणि उलटा, दोन्ही आकडे नकाशावर शेजारी शेजारी लागतात. नाहीतर खांबावर तो नंबरच सापडणार नाही, आणि आपण लगेच थांबू. असे जोडीदार आकडे किती असतील? फार नाहीत. आणि आम्ही पाच वेळा त्यांच्यावरच आपटतो. म्हणजे बोलताना माझी जीभ बरोबर तिथेच घसरते. डोकं आतून असंच पोखरत असेल का? आईचं शेवटी असंच झालं होतं. तिने मला माझ्याच मावशीच्या नावाने हाक मारली होती.

मला भीती वाटतेय. हे मी कुणाला सांगणार नाही.

राखीव चारांपैकी दीड दिवस उरला.

११ जून. म्युन्स्टरच्या वाटेवर

आज एका थांब्यावर ब्रसेल्सची दोन माणसं भेटली, सायकलवाली. ओदिलोंनी कॉफी मागितली आणि त्यातला एक उडालाच. "अहो, हा आवाज! तुम्ही स्टेशनवर घोषणा करायचात ना? 'सहा चौऱ्याऐंशी नंबरची गाडी, फलाट बारा'? आधी फ्लेमिशमध्ये, मग फ्रेंचमध्ये! वीस वर्षं माझी सकाळ तुमच्या आवाजाने सुरू व्हायची!"

ओदिलों लालबुंद झाले. म्हणाले, "हो, चाळीस वर्षं केलं ते." आणि घाईघाईने टायर तपासायला गेले.

चाळीस वर्षं आकड्यांच्या घोषणा, तेही दोन्ही भाषांत! देवा रे, किती गरीब प्रवाशांना भलत्या फलाटावर पाठवलं असेल या माणसाने.

१३ जून

जर्मनीतही आकडे आहेत, लाल अक्षरात. आज सव्वीसचे बासष्ट. हा सहावा. चुकून एका खेड्यातल्या लग्नाच्या मांडवात शिरलो. दोन तास नाचलो. माझ्यासोबत वधूचे आजोबा नाचले. ओदिलों एका कोपऱ्यात उभे राहून बघत होते. मग अचानक येऊन म्हणाले, "आजोबा दमले असतील." आजोबा मुळीच दमले नव्हते.

राखीव दिवस: शून्य.

१६ जून, मंगळवार. रिंटेल्न

आज काय काय झालं ते नीट लिहिते.

मिंडनला वेझर नदी लागली. इथून आकड्यांची गरजच नाही. नदीचा हात धरायचा आणि पाण्याबरोबर उत्तरेला जायचं. लहान पोरालाही चुकता येणार नाही. सकाळी ओदिलों पुढे, मी मागे. दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की पाण्यावरची पानं आमच्या उलट चाललीत. थोड्या वेळाने समोर डोंगर आला. उत्तरेला डोंगर नाही, उत्तरेला सगळं सपाट आहे, नकाशा मला पाठ आहे.

मी काही बोलले नाही.

पस्तीस किलोमीटर मी काही बोलले नाही. कारण मला वाटलं, आता आकडेच नाहीत, आता नदीसुद्धा मला उलटी दिसायला लागली. मी हाक मारावी, ओदिलोंनी थांबून माझ्याकडे तसं बघावं जसं हादेविच बघते, ते मला नको होतं. म्हणून डोळे त्यांच्या मागच्या चाकावर ठेवून चालवत राहिले आणि मनात सतराचा पाढा म्हटला. पाढा बरोबर येत होता. त्याने जास्तच भीती वाटली.

रिंटेल्नच्या पुलापाशी ते थांबले, मोठ्या उत्साहाने म्हणाले, "मादाम, इथे चेरीचा केक मिळतो म्हणतात!" आणि मी काठावर बसून रडायला लागले. अडुसष्ट वर्षांची बाई, हेल्मेट घालून.

"काय झालं? पायात गोळा आला का?"

"ओदिलों, पाणी कुठे वाहतंय?"

"अं?"

"मला ते उलटं वाहताना दिसतंय. खरं सांगा. माझं डोकं गेलंय ना?" मग सगळंच बाहेर पडलं. अर्ज, फुली, बागेकडची खोली, ऑक्टोबर, रविवारचे बारा वाजता. कसे सगळे राखीव दिवस माझ्या जिभेने खाल्ले, तेही.

ओदिलोंचा चेहरा असा पांढरा पडला की मिशा रंगवल्यासारख्या दिसायला लागल्या. समोर गवतात बसकण मारली.

"मादाम, पाणी बरोबर वाहतंय. मीच उलटा चाललोय."

"म्हणजे?"

"मुद्दाम."

"आणि आकडे?"

"तुम्ही सगळे बरोबर सांगितलेत. एकूण एक. मी उलटे लिहिले." खिशातून नकाशा काढून पुढे धरला. पक्ष्यांची घरटी! प्रत्येक खुणेशी दोन आकडे. सव्वीस-बासष्ट. सतरा-एकाहत्तर. एकोणचाळीस-त्र्याण्णव. "मार्चपासून शोधत होतो. आरशातल्या जोड्या. शेजारी शेजारी असलेल्या, आणि जवळ काहीतरी चांगलं असलेल्या. सापडायला फार वेळ लागतो हो. काही ठिकाणी आधी पत्र टाकून ठेवलं होतं."

"पण का?"

"लवकर पोचलो असतो," ओदिलों म्हणाले, "तर लवकर घरी गेलो असतो."

मी त्यांना हेल्मेटने मारलं. दोनदा. "गाढवा! तुला कळतंय का तू काय केलंस? मी आठवडाभर मरतेय इथे, आणि तू चमचे घेऊन फिरतोयस?" मग त्याच्या गळ्यात पडले आणि आणखी जोरात रडले, कारण माझं डोकं ठीक होतं. माझं डोकं ठीक होतं! एवढा आनंद मला पोटच्या पोरीच्या जन्माला झाला होता, त्यानंतर आजच.

रागाच्या भरात तू म्हणून गेले, आता परत तुम्ही म्हणणं जमत नाहीये. तोही लेकाचा लगेच तू म्हणायला लागला. मादाम जाऊन लीवे झालं. गोदेलीवे हे माझं नाव लांबलचक आहे, सोयीसाठी छोटं केलं असेल.

केक खाल्ला. चांगला होता.

मग ऑक्टोबरची चिठ्ठी दाखवली त्याला. म्हटलं, ही तर तुझी नाही ना? ही माझीच चूक. त्याने ती उन्हात धरून बराच वेळ बघितली.

"अक्षर कुणाचं?"

"हादेविचचं."

"ती कुठे असते?"

"ब्रसेल्सला. वीस वर्षं झाली. नवरा तिकडचा, ऑफिस तिकडचं, पोरंही घरात फ्रेंचच बोलतात. का?"

"काही नाही," म्हणाला आणि मिशी पिळत बसला.

आता साडेतीनशे किलोमीटर, साडेचार दिवस. उद्या पहाटे निघायचं. चिठ्ठी मी लिहिणार.

१७ जून. नीनबुर्ग

पंचाण्णव किलोमीटर. लिहायला बोटं उचलत नाहीत.

१८ जून

पाऊस, वारा, चिखल. ओदिलों दिवसभर पुढे राहून वारा अडवत होता. मी म्हटलं, प्रायश्चित्त पुरे, ये मागे. म्हणाला, अजून पाच चुका बाकी आहेत.

१९ जून. लाउएनबुर्ग

एल्ब नदी ओलांडली. माझ्या मागच्या चाकाच्या दोन तारा गेल्या. ओदिलोंने स्वतःच्या चाकातल्या काढून बसवल्या. त्याचं चाक आता लग्नातल्या त्या आजोबांसारखं नाचतंय.

२० जून, शनिवार. ल्युबेक

कालव्याच्या काठाने येत होतो. मी मनात आकडे म्हणत होते, उगाच, आनंदाने. चार-नि-ऐंशी, दोन-नि-साठ. आणि एकदम दोन्ही ब्रेक दाबले. ओदिलों येऊन मागून आदळला.

"काय झालं?"

"ओदिलों, ती चिठ्ठी! तू त्या दिवशी 'काही नाही' म्हणालास!"

"आलं का लक्षात?" म्हणाला. "तूच शोधावंस असं वाटत होतं. तू बाई आहेस शाळेची."

काय लक्षात आलं ते इथे लिहीत नाही. वही उद्या हादेविचच्या हाती लागली तर मजाच जाईल.

२१ जून, रविवार. ट्रावेम्युंड

बाराला दहा कमी असताना दीपगृह. हादेविच खरंच उभी होती, स्वेटर घालून, पर्स छातीशी धरून. मला बघितलं आणि तिच्या तोंडून "आई" एवढंच आलं. काय ध्यान करून घेतलं होतं मी स्वतःचं, नाक सोललेलं, गुडघ्यावर पट्टी. समुद्र मागे नुसता निळा पसरलेला. नऊ वर्षांच्या नकाशात तो इतका मोठा नव्हता.

धक्क्यावरच्या टपरीत बसलो, मासळीचे पाव मागवले. हादेविचने मुद्द्यालाच हात घातला. "चुकलात का?"

मी तोंड उघडणार, तोच ओदिलों उभा राहिला. "सहा वेळा, आणि नदीकाठी सातव्यांदा. सगळं मी चुकवलं. मुद्दाम. मी आकडे उलटे लिहायचो. तुमच्या आईचा एकही आकडा चुकला नाही."

हादेविचचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात हातात घेतला. "किती चांगले आहात हो तुम्ही. आईला सांभाळून घेतलंत." आणि माझ्याकडे वळून, त्या आवाजात, ज्या आवाजात बालवाडीत बोलतात: "आई, सात वेळा? अगं, मग आता तरी..."

म्हणजे बघा. आयुष्यात एकदा माणूस खरं बोलला, आणि ते सभ्यपणा म्हणून खपलं!

तिने पर्समधून अर्ज काढला. फुली तशीच होती. पेनही काढलं. मी पाव खात राहिले, कारण मला एका गोष्टीची वाट बघायची होती. ती आठ मिनिटांत आली. हादेविचचा फोन वाजला. नवरा. भांडी धुण्याच्या यंत्रातून पाणी येतंय म्हणे. ही सुरू झाली, फ्रेंचमध्ये, तोफखान्यासारखी.

मी हळूच म्हटलं, "अगं, परतीची चिठ्ठी तेवढी लिहून दे. चष्मा सायकलीवर राहिला. आहेच पेन हातात."

तिने न बघता कागदी रुमाल ओढला. ओदिलोंने पाव खाली ठेवला.

मी फ्लेमिशमध्ये सांगितले, सावकाश, वर्गात सांगायचे तसे. "सतरा. त्रेपन्न. चौऱ्याऐंशी. बासष्ट. एकोणचाळीस."

ती यंत्राच्या झडपेबद्दल बोलत होती आणि लिहीत होती. फोन संपला. रुमाल माझ्याकडे सरकवला. मी तो उलट तिच्याकडे फिरवला.

"वाच."

"सतरा, त्रेपन्न, अठ्ठेचाळीस, सव्वीस..." ती थांबली. "तू अठ्ठेचाळीस म्हणालीस ना?"

"ओदिलों, मी काय म्हणाले?"

ओदिलोंने घसा साफ केला आणि स्टेशनवरच्या आवाजात, आधी फ्लेमिश मग फ्रेंच, घोषणा केली: "चौऱ्याऐंशी. बासष्ट." आजूबाजूच्या चार टेबलांनी मान वर केली.

मग मी वहीच्या खिशातून ऑक्टोबरची चिठ्ठी काढून रुमालाशेजारी ठेवली. तोच चार. तोच पोट सुटलेला आठ. फोनवर बॉयलर, फोनवर भांड्यांचं यंत्र. फ्रेंच तोंडात असलं की तिच्या हातातून आकडे मधूनच कानात आले त्या क्रमाने उतरतात. वीस वर्षं झाली, तिला कळलंही नाही.

हादेविच एका चिठ्ठीकडे बघत होती, मग दुसरीकडे. कानापर्यंत लाल झाली. लहानपणी शाई सांडल्यावर व्हायची तशी.

"आई. म्हणजे आठ महिने मी तुला..."

"आठ महिने," मी म्हटलं. "आता मला सांग, ती बागेकडची खोली. कुणाच्या नावावर करायची?"

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम, आणि मासळीच्या पावात तिची बाही बुडाली. मला तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं आणि एक चापट द्यावीशीही वाटत होती. दोन्ही केलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हटलं, "मला वाटलं आजीसारखं होतंय तुझं. मी इतकी घाबरले होते गं." म्हणजे आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरत होतो, आणि एकमेकींना सांगत नव्हतो. हे मात्र मला कळायला हवं होतं.

अर्ज ती फाडायला निघाली. मी हातातून काढून घेतला. चांगला जाड कागद आहे, वाया कशाला घालवायचा?

२२ जून. ट्रावेम्युंड

हादेविच सकाळच्या गाडीने गेली. डब्याचा नंबर मी तिला लिहून दिला.

आमचीही तिकिटं होती. ओदिलोंने ती टेबलावर ठेवली, मी त्यांच्यावर कॉफीचा कप ठेवला. मग मी कात्री मागवली आणि अर्जाच्या उभ्या पट्ट्या कापल्या. एकोणीस पट्ट्या झाल्या, पाठीमागून कोऱ्या, परतीच्या रोजच्या चिठ्ठीसाठी. फुलीची पट्टी सगळ्यात शेवटची ठेवलीय, रोन्सेच्या दिवसासाठी.

नकाशा पसरला, भिंग घेतलं. ओदिलोंने पेन्सिलीला टोक केलं आणि शहाण्या मुलासारखा बसला.

"बरोबर लिहू की चुकीचं, लीवे?"

"रोज एक चुकलेला चालेल," मी म्हटलं. "पण कुठला ते मी ठरवणार."

लीवे म्हणजे आमच्या भाषेत लाडके असाही अर्थ होतो. पण ओदिलोंचं फ्लेमिश कच्चं आहे. त्याला बिचाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार.